तंबू कुठं ठोकायचा, अक्का?

अक्कांना श्रीखंड आवडत नाही, हे मला लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी कळलं. आणि तेही त्यांच्या तोंडून नाही, शेजारच्या लताबाईंच्या तोंडून! पारोळ्याच्या ओट्यावर शेंगा सोलत बसली होती ती बाई. सहज बोलून गेली, "ओ माय, ताईबाईले कोठे आवडस श्रीखंड? तिले ती वेलचीच सोसत नई."

कपाळ माझं! दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दर दिवाळीला मी जळगावहून स्टीलचा डबा भरून श्रीखंड नेतेय. त्यात वेलची मुद्दाम जास्त, कारण अक्कांना आवडते अशी माझी समजूत. आणि ह्या बाईंनी सत्तावीस वर्षं ती वाटी बोटानं पुसून रिकामी केली, वर म्हणाल्या, "चांगलं शे हां, दिपा."

अक्का म्हणजे माझी नणंद, प्रेमराजांची मोठी बहीण. नाव ताईबाई, वय सहासष्ट. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, पारोळ्याला माहेरी परत आल्या. आई आधीच गेलेली, भाऊ सात वर्षांचा. त्याला वाढवलं, शिकवलं, वीज कंपनीत चिकटवलं, आणि दहा बिघे कोरडवाहू शेती आजतागायत एकटीनं सांभाळली. इतकी कर्तबगार बाई, पण काहीही विचारा, उत्तर एकच. "तुमले जे पटस ते करा." साडी कुठली घेऊ? तुमले पटस ती. मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला करू की धुळ्याला? तुमले पटस तठे. चहा की कॉफी? तेच!

मी वाढले भुसावळच्या रेल्वे कॉलनीत. वडील गार्ड. आमच्या घरात एक तर हिरवा झेंडा नाही तर लाल, मधलं काही नसायचं. त्यामुळे अक्कांच्या ह्या उत्तरानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि खरं सांगू? राग श्रीखंडाचा नव्हताच. मला बघायला आले होते तेव्हा प्रेमराजांनी अक्कांना विचारलं होतं, पोरगी कशी वाटली. अक्का काय म्हणाल्या असतील ते तुम्हीच ओळखा. म्हणजे मी त्यांना पसंत होते की नव्हते, हे मला अजून माहीत नाही. श्रीखंडासारखंच मलाही त्यांनी सत्तावीस वर्षं गोड मानून घेतलं असेल तर? हा किडा त्या दिवशी डोक्यात शिरला तो निघेना.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या रोशनीनं अंदमानचं काढलं. रोशनी माझी लेक, चोवीस वर्षांची, जळगावच्या घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. म्हणाली, "मम्मी, जानेवारीत आपण चौघं अंदमानला जायचं, आत्याला घेऊन. आणि हॉटेल नाही हं. एका छोट्या बेटावर तंबूत राहायचं, समुद्राच्या काठावर." तीन जागा तिनं हेरूनही ठेवल्या होत्या.

"जाऊ," मी म्हटलं, "पण जागा अक्का निवडतील. त्या बोट ठेवतील तिथंच बुकिंग करायचं. आणि त्यांनी बोट ठेवलं नाही, तर कुणीच कुठं जायचं नाही."

प्रेमराज पेपरामागून म्हणाले, "मग राहिलंच समज अंदमान."

आम्ही पारोळ्याला गेलो. रोशनीनं फोनवर तिन्ही जागा दाखवल्या. पहिली एकदम थाटाची. तंबू नावालाच, आत पलंग, गाद्या, गार हवेचं यंत्र, न्हाणीघरात गुलाबाच्या पाकळ्या. तुम्हाला म्हणून सांगते, माझा जीव त्या पहिल्या जागेवर जडला होता. पण मी गप्प. दुसरी पोराटोरांची, रात्री गाणीबजावणी, दिवसा पाण्यातले खेळ. तिसरीचे दोनच फोटो. एकात नारळाची झाडं, दुसरा हललेला आणि त्यात निम्मी बकरी. खाली कुणीतरी लिहिलेलं, मालक फार बोलतो.

अक्कांनी चष्मा लावून तिन्ही पाहिल्या. बकरीसुद्धा पाहिली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बठ्ठ्या चांगल्या शेतस. तुमले जे पटस ते करा."

मी चिठ्ठ्या टाकल्या. अक्कांनी तिन्ही उचलल्या, नीट घड्या घालून मला परत दिल्या. मी तीन वाट्या मांडल्या, म्हटलं एका वाटीत शेंगदाणा टाका. त्यांनी तिन्ही वाट्यांत एकेक टाकला. रोशनी हसून हसून ओट्यावरून पडायची राहिली. माझं डोकं फिरलं. मी जाहीर केलं, "अक्कांनी निवडल्याशिवाय मी जळगावला येत नाही. इथंच बसणार." आणि बसलेच! प्रेमराजांनी डोक्याला हात लावला. त्यांना सोमवारी डबा कोण देणार ही चिंता.

दुसरा दिवस रविवार. नोव्हेंबर उजाडला होता, म्हणजे खानदेशात भरिताचे दिवस. शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, हिरवी वांगी त्यावर काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची, लसूण-मिरची घालून लाकडी दांड्यानं ठेचायची. मी रुसलेलीच होते, पण भरितावर कोण रुसतं? गेले शेतात.

टोपलीत पन्नासेक वांगी होती. अक्का खाली बसल्या आणि एकेक वांगं हातात घेऊन जोखायला लागल्या. "हाई नको, जड शे, बियासनं भरेल व्हई." बाजूला. "हाई नको, किडेल शे." बाजूला. "हाई चाली." पुढं. प्रेमराजांनी एक उचलून आगीवर ठेवलं तर अक्कांनी त्यांच्या हातावर चापट मारली. "ठेव खाले! त्ये नको म्हनं ना?"

मी बघतच राहिले. अहो, ही बाई निवडते! नुसती निवडत नाही, धडाधड बाजूला टाकते! पन्नासातली वीस ठेवली, तीस नाकारली, आणि एकदाही कुणाला काय पटतं ते विचारलं नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "अक्का, समजा त्या बेटावर आपल्याला भरीत करायचंय. तर कुठल्या जागी नीट होईल?"

अक्कांचा हात थांबला. त्यांनी टोपलीकडं पाहिलं, आगीकडं पाहिलं, मग रोशनीला म्हणाल्या, "फोन लाव त्या लोकेसले."

रोशनीनं पहिला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. पलीकडून गोड आवाजाची मुलगी. अक्का फोनवर वाकून ओरडल्या, "बाई, तुमारे यहाँ बैंगन भूनने को जगा है क्या?"

मुलगी गडबडली. म्हणाली, उघड्यावर आग करायची परवानगी नाही, पण आमचे शेफ बनवून देतील.

"काहे पे भूनेगा वो?"

"गॅस पर, मॅडम."

अक्कांनी फोन रोशनीच्या हातात ठेवला. "ठेव फोन." गॅसवरचं भरीत! त्या मुलीनं जणू आमच्या सात पिढ्यांना शिवी दिली होती. माझा गुलाबाच्या पाकळ्यांचा तंबू तिथंच आडवा झाला, आणि मला तोंडातून हूं की चूं करता येईना. नियम माझाच होता ना!

दुसरीकडचा पोरगा म्हणाला, आमच्याकडं शेकोटी असते, कोळशावर पनीर भाजतो. "कोयला?" अक्कांनी विचारलं, आणि उत्तराची वाटही न पाहता मान हलवली.

तिसरा फोन वाजतच राहिला. शेवटी एका म्हाताऱ्यानं उचलला. पाठीमागं कोंबडा आरवत होता. अक्कांनी प्रश्न विचारला. तो म्हणाला, "बैंगन? कितना बड़ा?"

"एक-एक, एक-एक किलो का."

"बीज?"

"बीज नहीं. एकदम मऊ."

"अरे बाप रे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही आलं की आम्ही सगळे पुढं वाकलो. त्याचं नाव हालदार. बापाच्या वेळेस बंगालमधून येऊन त्या बेटावर वसलेलं कुटुंब. त्यांच्याकडंही म्हणे वांगं आगीत भाजतात. पण वरून मोहरीचं तेल घालतात. अक्का म्हणाल्या, शेंगदाण्याचं घालायला पाहिजे. तो म्हणाला मोहरीचं. ह्या म्हणाल्या शेंगदाण्याचं. तो म्हणाला, आगीला नारळाच्या झावळ्या देतो. अक्का म्हणाल्या, "नारियल का धुआँ लगेगा. काड्या हम लायेंगे." पाऊण तास! प्रेमराजांचं भरीत खाऊन झालं, हात धुऊन झाले, तरी बहिणीचं बोलणं चालूच.

शेवटी फोन ठेवून अक्का म्हणाल्या, "हाई जागा. बकरीवाली." आणि परत वांगी जोखायला लागल्या.

मी शेतात उड्या मारल्या. वय पन्नास, गुडघे दुखतात, तरी मारल्या. घामेजलेल्या तंबूत, बकरीच्या शेजारी झोपावं लागणार होतं, पण अक्कांनी बोट ठेवलं होतं!

जानेवारीत निघालो. भुसावळहून हावड्याची गाडी, पुढं विमान. सामानात पंधरा वांगी, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून, भाकरीसाठी कळण्याचं पीठ, लसूण, मिरच्या, आणि गोणपाटात बांधलेली कपाशीच्या काड्यांची मोळी. गाडीत कुणी विचारलं नाही. विमानतळावर मात्र गोणपाट उघडायला लावलं. तपासणारा साहेब एक काडी हातात घेऊन बराच वेळ निरखत राहिला.

"ये क्या है?"

"कपास की लकड़ी," प्रेमराज कडक इस्त्रीच्या शर्टात, अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले.

"अंदमान में लकड़ी नहीं है क्या?"

"है, लेकिन उसका धुआँ लगता है," मागून अक्का.

त्यानं दुसऱ्या साहेबाला बोलावलं. दोघांनी मोळीचा वास घेतला. रोशनी तोवर तिसऱ्याच कुटुंबाच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. पण सोडलं बाबा त्यांनी. मोळी मोठ्या सामानात गेली.

बेटावर उतरलो तेव्हा दुपार होत होती. अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हाऊ ते भलताच मोठा शे," म्हणाल्या, आणि एवढ्या निळ्याशार पाण्याबद्दल दिवसभरात तेवढंच बोलल्या.

हालदार जेट्टीवर आले होते. लुंगी, पांढरी दाढी, आणि बोलणं खरंच न संपणारं. त्यांनी जागा दाखवली. नारळाच्या झाडांची एक रांग, तिच्या अलीकडं त्यांचं घर आणि बकरी, पलीकडं वाळू आणि समुद्र. तंबूचं सामान आमच्या पुढ्यात टाकून ते म्हणाले, तुम्हाला हवा तिथं तंबू लावा, मला बाजारातून मासे आणायचेत. आणि गेले. बेटावर जन्म काढलेला माणूस. पाणी दिवसातून दोनदा चढतं, ही सांगायची गोष्ट असते असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

"अक्का," मी म्हटलं, "तंबू कुठं ठोकायचा ते पण तुम्हीच सांगा."

अक्का फिरायला लागल्या. झाडांखालची जमीन टाचेनं दाबून पाहिली, मुळ्या लागल्या, नाक मुरडलं. वर नारळ पाहिले, डोक्यावर पडतील म्हणाल्या. मग झाडांच्या रांगेच्या पुढं गेल्या. तिथं वाळू सपाट, ओलसर, घट्ट, स्वच्छ. खळं सारवावं तशी. पाणी लांब, पाचशे पावलांवर.

"आठे," अक्का म्हणाल्या, आणि वाळूत टाच रोवली.

"वा!" प्रेमराज म्हणाले. "आपल्या बोरी नदीच्या पात्रासारखी जागा आहे. पाणी येणार नाही ना पण इथवर?" मग स्वतःच हसले. "जानेवारी चालू आहे. दिवाळीनंतर कुठलं पाणी वाढतंय!"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तापीच्या काठावर वाढलेली. तिथं दिवाळीनंतर पाणी उतरतं ते उतरतंच, पात्रात टरबुजांचे वाफे लावतात लोक. प्रेमराज इंजिनिअर. रोशनीनं तर शाळेत चंद्र काढून, बाण दाखवून भरती-ओहोटीचं उत्तर लिहिलेलं, चारपैकी चार मार्क. पण एकाच्याही डोक्यात पेटलं नाही. तंबू ठोकला. गाद्या अंथरल्या, वांगी, पीठ, बॅगा आत ठेवल्या. पुढ्यात काड्या पेटवल्या आणि साडेतीनच्या सुमारास पहिली चार वांगी आगीवर चढली. अक्का मध्ये बसून ती फिरवत होत्या, आम्ही भोवती. काय सुख होतं म्हणून सांगू!

आणि आगीतून सुर्र्र आवाज आला.

पाण्याची एक जीभ येऊन गेली होती. आम्ही तिच्याकडं बघेपर्यंत दुसरी आली, आमच्या मांड्यांखालून तंबूत शिरली.

प्रेमराज ताडकन उठले आणि ओरडले, "वरून पाणी सोडलं! आवर्तन सोडलं वाटतं!"

"कोण सोडणार?" मी किंचाळले. "समुद्राच्या वर कुठलं धरण आलंय, अहो?"

"मग आलं कुठून?"

"ते मला काय विचारता, बाहेर काढा सगळं!"

पुढं जी धांदल उडाली ती देवानं वरून पाहिली असेल तर तोही हसला असेल. मी पिठाची पिशवी डोक्यावर घेतली. प्रेमराज खुंट्या उपसायला गेले तर तंबूच हवा भरून तरंगायला लागला, आणि हे त्याची दोरी धरून त्याच्यामागं, जसं काही सुटलेल्या बैलाला आवरतायत. वांगी डुबुक डुबुक करत समुद्राकडं निघाली. रोशनी हसत, पडत, वांग्यांमागं. काड्यांची मोळी, जी भुसावळहून गाडीतून, विमानातून आणली होती, ती शांतपणे आमच्यासमोरून वाहत गेली. हालदार मासे टाकून धावत आले, बंगालीत काय काय ओरडत होते. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं उरलेलं सामान झाडांच्या वर ओढलं.

अर्ध्या तासात अक्कांच्या टाचेची खूण होती तिथं गुडघ्याएवढं पाणी.

गाद्या चिंब. बॅगा चिंब. आम्ही चिंब. प्रेमराज शर्ट पिळत म्हणाले, "बस झालं. रोशनी, तो पहिलावाला लाव फोन." रोशनीनं लावलाही. खोल्या रिकाम्या होत्या. पलंग, कोरड्या गाद्या, गार हवा! खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

पण मग मी अक्कांकडं पाहिलं. पडलेल्या नारळाच्या खोडावर त्या एकट्या बसल्या होत्या. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, मान खाली, डोळे वाळूत. सहासष्ट वर्षांत ह्या बाईनं पहिल्यांदा "आठे" म्हणून टाच रोवली, आणि तीच जागा समुद्रानं गिळली. आता त्या परत कधी बोट ठेवतील का? मरेपर्यंत नाही. आणि हे सगळं माझ्या हट्टापायी. त्यांच्या मनातलं मला कळायला हवं होतं, म्हणून मी त्यांना पुढं ढकललं होतं. मला इतकं वाईट वाटलं की रडूच आलं.

"अक्का," प्रेमराज जवळ जाऊन म्हणाले, "चल, हॉटेलात जाऊ."

अक्कांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, गेलं, रडल्या. मी धावले. तर त्या हसत होत्या! आवाज फुटत नव्हता इतक्या हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून धारा. कसंबसं बोट प्रेमराजांकडं करून म्हणाल्या, "आवर्तन! समुद्रले आवर्तन!" आणि परत सुरू. मग मी सुटले, मग रोशनी, आणि काहीही न कळता हालदारही. प्रेमराज तेवढे दोन मिनिटं रागावून उभे राहिले, मग तेही खाली बसले.

हसू ओसरल्यावर अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या आणि म्हणाल्या, "मी नई येस हॉटेलमा. तंबू आन."

"अक्का, सगळं ओलं..."

"आन म्हनं ना! तठे लाव, वर."

प्रेमराजांनी तंबू उचलून वर लावला. अक्का आत जाऊन आडव्या झाल्या, बाहेर आल्या. "मुळ्या टोचतस. तथा." तिकडं लावला. "आठे बकरी तोंड घाली." आणखी पुढं. चार वेळा हलवायला लावला त्यांनी! वीज कंपनीचा साहेब घामाघूम होऊन खुंट्या ठोकतोय, आणि अक्का कमरेवर हात ठेवून सांगतायत. पाचव्या जागी म्हणाल्या, "हां. आते बरं शे." हालदारांनी चटया दिल्या.

नऊ वांगी वाचली होती. काड्या गेल्यामुळे नारळाच्या झावळ्यांवरच भाजावी लागली. अक्का धुराला शिव्या घालत होत्या, पण ठेचताना दांडा कुणाला देत नव्हत्या. हालदारांनी आपल्या वाटणीवर मोहरीचं तेल ओतलं आणि मोठ्या प्रेमानं एक घास अक्कांना दिला. अक्कांनी तो खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि सरळ म्हणाल्या, "नई बा. माले नई आवडनं."

"ऐकलंत?" मी ओरडले. "अहो, ऐकलंत का? अक्कांना आवडलं नाही!" मी टाळ्या वाजवल्या. हालदारांचं तोंड एवढंसं झालं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, मी कशासाठी नाचतेय.

पुढचे दोन दिवस कसे गेले कळलं नाही. अक्का सकाळी पाण्यात बसायच्या, लुगड्यासकट, गळ्यापर्यंत. पाणी कधी चढतं, कधी उतरतं हे त्यांनी हालदारबाईंकडून शिकून घेतलं आणि आम्हालाच सांगत सुटल्या. त्यांना भाषा एकमेकींची येत नव्हती, पण दोघी दिवसभर बोलायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट होती. प्रेमराजांची रजा संपलेली, रोशनीचं सोमवारी काम. बॅगा भरून बाहेर ठेवल्या. अक्का तंबूच्या तोंडाशी बसल्या होत्या, पिशवी न भरता.

"अक्का, आवर," प्रेमराज म्हणाले. "बोट जाईल."

"जाऊ दे. तुम्ही बापलेक जा. माले आजून आठ दिवस ऱ्हानं शे."

रोशनीनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"आठ दिवस? अगं, तिकिटं काढलेली आहेत. आणि तू एकटी इथं..."

"एकटी काबर?" अक्का म्हणाल्या. "दिपा ऱ्हाई मनासंगे. पोऱ्या, तू आठ दिवस आपलं आपलं करी लेशी. माले दिपा पाहिजे."

किती साध्या आवाजात म्हणाल्या. वांगं निवडावं तशा. आणि मी सवयीनं भांडायला उठले.

"मला विचारलंत का पण? मला राहायचंय की नाही, ते?"

अक्कांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "इचारानं काय त्यामा? सत्तावीस वरीस पाही राहिनू तुले. तुना मनमा काय शे ते तुना तोंडवर दिखस." मग जरा सरकून चटईवर जागा केली. "बस आठे."

प्रेमराज माझ्याकडं बघत होते. रोशनीनं डोळे पुसले आणि फोनवर तिकीट रद्द करायला घेतलं. मी प्रेमराजांच्या हातातली माझी बॅग काढून घेतली, परत तंबूत ठेवली आणि जाऊन अक्कांच्या शेजारी बसले.